पडद्यावरची रेघ वाचूया



गटाच्या बैठकीला जमलेल्या, चुलीपाशी भाकऱ्या थापत ऐकणाऱ्या, शेतावरून येऊन आत्ताच हातपाय धुऊन बसलेल्या सगळ्याजणींना नवी मुंबईतल्या आमच्या बचत गटांचा नमस्कार. या कार्यक्रमात आपण बहुतेक वेळा हिशेबाची वही, बँकेचं कर्ज, पापड-मसाले, रक्तक्षय अशा विषयांवर बोलतो. आज आम्ही एका यंत्राची ओळख करून देणार आहोत. त्याचं नाव ऑसिलोस्कोप. पुस्तकी मराठीत त्याला दोलनदर्शक म्हणतात. कारखान्यात मात्र सगळे त्याला नुसतं 'स्कोप' नाहीतर 'सीआरओ' म्हणतात.

हे यंत्र आमच्या शेजारचंच आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने दिघा, रबाळे, महापे, तुर्भे असा एमआयडीसीचा पट्टा आहे. तिथे कितीतरी ठिकाणी इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडल्या जातात, तपासल्या जातात. १९६२ साली ठाण्यात सुरू झालेली ॲपलॅब ही कंपनी मोजमापाची यंत्रं बनवते. तिचे जुने स्कोप अनेक कॉलेजांच्या प्रयोगशाळांत दिसतात, आणि आज तिचा पत्ता दिघ्याचा आहे. खारघरला 'समीर' ही केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्समधली संशोधन संस्था आहे. अशा सगळ्या ठिकाणी स्कोपशिवाय पान हलत नाही.

आमच्या गटांतल्या बऱ्याचजणी या पट्ट्यात कामाला जातात. कुणी बोर्डावर सुटे भाग बसवते, कुणी सोल्डरिंग करते, कुणी माल खोक्यात भरते. हॉलच्या एका टोकाला तपासणीचं टेबल असतं आणि त्यावर पडद्याचं यंत्र. त्या टेबलावर बसणाऱ्याची कागदावर सही लागते, त्याला पगारही जास्त मिळतो. 'ते शिकलेल्यांचं काम, तुम्ही आपलं हातातलं करा,' हे आमच्या मैत्रिणींनी पुष्कळदा ऐकलं आहे. आम्ही कुणी इंजिनिअर नाही. कुणी दहावी, कुणी बीए. पण हे यंत्र समजून घेतल्यावर आमचं मत असं झालं, की जिला भाताचा अंदाज वाफेवरून येतो तिला पडद्यावरची रेघ वाचता येईल. फक्त ती रेघ तयार कशी होते, हे कुणीतरी नीट सांगायला हवं.

आधी साधा प्रश्न. वायरमनकडे मीटर असतो, तो आकडा दाखवतो. मग आणखी पडदा कशाला? बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी एलईडी दिव्यांची पट्टी घ्या, जिला मंद करायचं बटण आहे. बटण अर्ध्यावर आणलं आणि मीटर लावला, तर तो ६ व्होल्ट दाखवेल. आपण म्हणू, वीज निम्मी झाली. पण स्कोप लावला की दिसतं, की ६ व्होल्ट तिथे कधीच नव्हते. एक क्षण पूर्ण बारा, एक क्षण शून्य, पुन्हा बारा, पुन्हा शून्य. दिवा सेकंदाला शेकडो वेळा लागतो आणि विझतो. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, म्हणून तो मंद वाटतो. मीटरने सरासरी सांगितली, स्कोपने घडलं ते दाखवलं.

दवाखान्यात ईसीजी काढतात तेव्हा कागदावर वरखाली जाणारी रेघ येते, ती तुम्ही पाहिली असेल. नाडीचे ठोके मिनिटाला बहात्तर, हा झाला आकडा. पण प्रत्येक ठोक्यात हृदय कसं चाललंय, हे डॉक्टर रेघेच्या आकारावरून सांगतात. स्कोपचं तसंच आहे. डावीकडून उजवीकडे वेळ जातो, खालून वर व्होल्ट वाढतात.

पडद्यावर आलेखाच्या कागदासारखी घरं असतात. बहुतेक यंत्रांत आडवी दहा, उभी आठ. एका आडव्या घराचा वेळ किती आणि एका उभ्या घराचे व्होल्ट किती, हे आपण बटण फिरवून ठरवायचं. वाचन म्हणजे घरं मोजणं. मघाच्या पट्टीसाठी एक घर म्हणजे एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, असं ठेवलं आणि रेघ एक घर वर, एक घर खाली अशी दिसली, तर एक फेरी दोन मिलिसेकंदांची. हजाराला दोनने भागा. दिवा सेकंदाला ५०० वेळा लागतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते, म्हणजे तिची एक फेरी २० मिलिसेकंदांची. हे २० आणि ५० लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता ही रेघ येते कुठून? जुन्या स्कोपमध्ये काचेची मोठी नळी असायची. कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली ती बनवली. तिच्यात किरण पडद्यावर आपटून उजेडाची रेघ काढायचा. सीआरओ हे नाव त्या काळचं. आताच्या डिजिटल स्कोपमध्ये तो किरण नाही. तो आपल्यासारखी ठिपक्यांची रांगोळी काढतो. ठरावीक वेळाने व्होल्ट मोजायचे, ठिपका ठेवायचा, पुन्हा मोजायचे, पुन्हा ठिपका. मग ठिपके जोडून रेघ. म्हणजे पडद्यावरची रेघ ही जशीच्या तशी वीज नव्हे, मोजलेल्या ठिपक्यांवरून काढलेलं ते चित्र आहे. आजच्या बोलण्यातली ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. कारण ठिपके कमी पडले, तर चित्र खोटं येतं.

सिनेमात धावत्या टांग्याचं चाक कधी कधी उलटं फिरताना दिसतं. चाक सरळच फिरतंय, पण कॅमेरा सेकंदाला चोवीसच चित्रं घेतो, आणि दोन चित्रांच्या मध्ये आरा कुठे गेला ते त्याला ठाऊक नसतं. स्कोपचंही असंच होतं. समजा यंत्राच्या स्मरणात दहा हजार ठिपके मावतात, आणि आपण पडद्यावर दहा सेकंदांचा वेळ पसरून ठेवला. मग सेकंदाला हजारच ठिपके वाट्याला आले. आता सेकंदाला १,०१० वेळा हलणारी वीज आली, तर पडद्यावर ती सेकंदाला १० वेळा हलणारी, शांत, सुरेख लाट दिसते. दिसायला अगदी खरी, पण साफ खोटी! नियम असा, की लाट जितक्या वेळा हलते त्याच्या दुपटीपेक्षा जास्त ठिपके हवेतच. प्रत्यक्ष कामात दहापट ठेवले तर चांगलं. आणि ओळखायची खूण सोपी आहे. वेळेचं बटण एक-दोन खटके पुढे-मागे फिरवायचं. खरी लाट त्या प्रमाणात आखडते किंवा पसरते, पण फेरीचा वेळ मोजला तर तेवढाच भरतो. खोटी लाट असेल तर तिचा वेळ बदलतो, नाहीतर लाटच नाहीशी होते. ज्या पोरीला हे ठाऊक आहे तिला यंत्र फसवू शकत नाही.

उभ्या बाजूलाही ठिपक्यांचा हिशेब असतो. साधा डिजिटल स्कोप पडद्याची उंची २५६ पायऱ्यांत मोजतो. आपण लाट एकाच घरात बारीकशी ठेवली, तर तिच्या वाट्याला तीसेक पायऱ्याच येतात आणि मोजमाप जाडंभरडं होतं. म्हणून लाट पडद्याबाहेर जाऊ न देता जितकी उंच करता येईल तितकी करायची.

तिसरी गोष्ट ट्रिगर. नवीन माणूस इथेच हात टेकतो, कारण रेघ पडद्यावर नुसती पळत सुटते. मंगळागौरीला दोघी फुगडी घालत असताना तुम्ही कसेही फोटो काढले, तर प्रत्येकात त्या वेगळ्या जागी दिसतील. पण आपली मैत्रीण समोर आली की दरवेळी तेव्हाच बटण दाबलं, तर सगळे फोटो सारखे येतील. ट्रिगर हेच करतो. रेघ खालून वर जाताना अमुक व्होल्टला पोहोचली की चित्र घे, असं आपण यंत्राला सांगतो, आणि लाट जागेवर उभी राहते. डिजिटल स्कोपमध्ये आणखी एक सोय आहे. तो सतत मोजत असतो, म्हणून ट्रिगरच्या आधी काय झालं तेही दाखवतो. दुकानात चोरी झाल्यावर आपण कॅमेऱ्यात आधीची दहा मिनिटं पाहतो, तसं. बटण चालू करताना एकदाच झटका बसतो आणि दिवा जातो, अशा तक्रारीत 'सिंगल' नावाची कळ दाबून ठेवायची. झटका आला की चित्र थांबतं, मग सावकाश पाहा.

हे शिकून आमच्या हाती काय आलं, ते आता सांगतो. आमच्या एका गटाने लहान स्पीकरसाठी बारा व्होल्टचे बोर्ड जोडून द्यायचं काम घेतलं होतं. बोर्ड साधा. ट्रान्सफॉर्मरमागे चार डायोड आणि एक मोठा कपॅसिटर. सुटे भाग देणाऱ्याचे, हात आमचे. एका खेपेतले चाळीस बोर्ड परत आले. तक्रार अशी, की स्पीकर घूं घूं करतो, तुमचं सोल्डरिंग कच्चं आहे. पैसे अडकले. मीटर लावला तर प्रत्येक बोर्डावर बाराच्या आसपास व्होल्ट. बोलणार काय?

ओळखीच्या एका प्रयोगशाळेत बोर्ड नेले. तिथे स्कोपवर 'एसी कपलिंग' ही सोय वापरली. तिच्यामुळे स्थिर बारा व्होल्ट बाजूला पडतात आणि त्यांच्यावर डुलणारी बारीक लाट तेवढी मोठी करून पाहता येते. घरच्या विजेची एक फेरी २० मिलिसेकंदांची. चारही डायोड नीट असतील, तर प्रत्येक फेरीतून दोन लाटा निघतात, म्हणजे दोन लाटांमध्ये १० मिलिसेकंद हवेत. एखादा डायोड काम करत नसेल किंवा त्याचा टाका सुटला असेल, तर हेच अंतर २० होतं. आमच्या सगळ्या बोर्डांवर अंतर १० होतं. म्हणजे डायोड चांगले, त्यांचे टाके पक्के. पण लाटेची उंची एक व्होल्टच्या आसपास. मागच्या खेपेतला, तक्रार न आलेला एक बोर्ड तेवढाच भार देऊन लावला, तर त्याची उंची निम्म्याहून कमी. मग चाळीसही तपासले. सगळ्यांवर जवळजवळ सारखीच उंची. हाताची चूक असती तर चार बोर्डांवर असती, पाचांवर असती. चाळीसांवर सारखी नसती. एका बोर्डावरचा कपॅसिटर काढून चांगला लावला आणि लाट खाली बसली. दोष त्या खेपेच्या कपॅसिटरमध्ये होता.

चित्रं पेन ड्राइव्हवर घेतली, छापून नेली, आणि गटातल्या दोघींनी त्यांच्यासमोर घरं मोजून दाखवली. त्यानंतर वाद झाला नाही, पैसे मिळाले. 'आमचं काम चांगलं आहे हो,' हे आम्ही आधीही सांगत होतो. कागदावरच्या रेघेने ते पटलं.

त्याच दिवशी स्कोपमधली आणखी एक सोय पाहिली, एफएफटी. भजनात पेटी, पखवाज, टाळ एकदम वाजतात, तरी आपला कान प्रत्येक आवाज वेगळा ओळखतो. एफएफटी तेच काम विजेवर करते. फ्रान्समधल्या जोसेफ फूरिये या गणितज्ञाने १८२२ साली छापलेल्या उष्णतेवरच्या ग्रंथात या गणिताचा पाया आहे. मिसळलेली लाट घ्यायची आणि तिच्यात सेकंदाला किती वेळा हलणाऱ्या कोणकोणत्या साध्या लाटा आहेत, ते उभ्या काड्यांनी दाखवायचं. आमच्या बोर्डांवर १०० या जागी उंच काडी होती. सेकंदाला शंभर, म्हणजे १० मिलिसेकंदांचंच अंतर. स्पीकर घूं घूं करत होता तो याच सुरात.

बाकीच्या सोयी थोडक्यात. 'ॲव्हरेज' म्हणजे एकाच लाटेची अनेक चित्रं घेऊन त्यांची सरासरी. सोळा चित्रांची सरासरी घेतली तर वाटेल तशी होणारी थरथर चौथ्या हिश्श्यावर येते आणि लाट स्वच्छ दिसते. पण क्वचित होणारा बिघाडही सरासरीत झाकला जातो. असा बिघाड पकडायला 'पर्सिस्टन्स' वापरायचं. त्यात आधीच्या रेघा पुसल्या जात नाहीत. माळरानावर जिथून सगळे जातात तिथे पायवाट ठळक होते आणि एखाद्याचंच पाऊल बाजूला उमटलेलं दिसतं, तशी ती एकटी चुकार रेघ दिसते. मात्र दोन चित्रांच्या मधला थोडा वेळ यंत्र काही पाहत नसतं, म्हणून थोडी मिनिटं थांबायचं, घाई करायची नाही. 'मास्क' म्हणजे ब्लाऊजच्या कागदी खाक्यासारखा खाका. चांगल्या बोर्डाच्या रेघेभोवती हद्द आखून ठेवायची. नव्या बोर्डाची रेघ हद्दीत राहिली तर पास, बाहेर गेली तर नापास. शेकडो बोर्ड तपासायचे असतील तिथे ही सोय फार उपयोगी पडते.

आता सावधगिरी. हा भाग लहान वाटला तरी जिवाशी खेळ आहे. स्कोपच्या तारेला, म्हणजे प्रोबला, एक टोक आणि एक काळी चिमटी असते. टेबलावरच्या साध्या स्कोपमध्ये ती चिमटी आतून थेट प्लगच्या अर्थिंगला जोडलेली असते. ती घरातल्या विजेच्या चालू तारेला लावली, तर शॉर्टसर्किट होतं. आमच्या बोर्डात ट्रान्सफॉर्मर होता, त्याच्या पलीकडची बारा व्होल्टची बाजू मोजली, म्हणून ते चाललं. पण बऱ्याच एलईडी बल्बांत ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यांचा आतला बोर्ड थेट विजेवर असतो. बल्ब दुरुस्त करणाऱ्या गटांनी हे पक्कं लक्षात ठेवा. त्यासाठी डिफरन्शियल प्रोब वेगळा मिळतो, किंवा बोर्डाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून वीज देतात, आणि तेही जाणकार शेजारी असतानाच. काही जण स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. तसं कधीही करायचं नाही, कारण मग यंत्राच्या धातूच्या भागालाच करंट येऊ शकतो.

दुसरी सावधगिरी आकड्याची. प्रोबवर १ आणि १० असं बटण असतं. प्रोब १० वर आणि यंत्र १ वर राहिलं, तर बारा व्होल्टचे सव्वा व्होल्टही दिसत नाहीत. म्हणून मोजायच्या आधी प्रोब स्कोपच्याच चाचणीच्या खुंटीवर लावायचा. तिथे चौकोनी लाट मिळते. तिचे कोपरे काटकोनात दिसले पाहिजेत. गोल झाले किंवा टोकदार झाले, तर प्रोबवरचा बारीक स्क्रू फिरवून ते सरळ करायचे. तराजू वापरायच्या आधी काटा मध्यावर आहे का ते आपण बघतो, तसंच हे.

हे सगळं गावातल्या गटाला कशासाठी, असं कुणी विचारेल. राजस्थानात डुंगरपूर जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बायका आयआयटी मुंबईच्या मदतीने सौर दिवे जोडायला शिकल्या, आणि पुढे त्यांनी सौर पॅनेल बनवणारी 'दुर्गा' नावाची कंपनी उभी केली. सौर दिवा, पंपाचं कंट्रोलर, इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर, सगळं आता गावातच असतं आणि बिघडलं की तालुक्याला जातं. जोडणीच्या कामाला मजुरी मिळते. तपासणी आणि दुरुस्तीच्या कामाला मजुरीही मिळते आणि मानही मिळतो.

तेव्हा तीन कामं करता येतील. घरातली मुलगी दहावी झाली असेल आणि तिला हाताचं काम आवडत असेल, तर जवळच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची चौकशी करा. स्कोप तिथे शिकवतात. दुसरं, जवळच्या आयटीआयला किंवा तंत्रनिकेतनाला गटाच्या नावाने पत्र द्या, की आम्हाला एक दिवस प्रयोगशाळा दाखवा. तिसरं, जोडणीचं काम घेणारे गट असतील तर ग्रामसंघात एकत्र येऊन साध्या स्कोपचा विचार करा. तो नव्या मोटरसायकलीपेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि पाच-सहा गटांत एक पुरतो. सुरुवात मात्र बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यापासून करा, घरच्या विजेपासून नको.

आणि कुणी तुमच्या कामाला नावं ठेवली, तर रागावण्याआधी त्यांना म्हणा, चला, रेघ बघूया. किती घरं आडवी, किती घरं उभी, ते मिळून मोजूया.